सॉल्ट लेकला राहायला जाताना हवेचं काय बघायचं? (मुलाला दमा आहे)

केतकी_क

नमस्कार मंडळी. नवऱ्याला कंपनी युटाला पाठवतेय. ऑफिस लीहायला, म्हणजे सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला. मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला दमा आहे. पुण्यात दिवाळी ते संक्रांत पंप कायम दप्तरात असतो, बाकी वर्षभर फारसा त्रास नाही.

बातमी ऐकून सगळे एकच म्हणतायत, "डोंगरात चाललात, नशीबवान आहात, हवा एकदम स्वच्छ." मी नेटवर शोधायला बसले तर डोकंच फिरलं. वर्षाची सरासरी पुण्यापुढे काहीच नाही. पण जानेवारीतले फोटो बघितले तर खाली शहरच दिसत नाही, नुसता राखाडी थर आणि वर निळं आकाश! मग कुणीतरी ऑगस्टबद्दल लिहिलंय, कुणी धुळीबद्दल.

तिथे राहणाऱ्या कुणी सांगेल का, नक्की वाईट काय आणि कधी? घर कुठल्या भागात बघावं? भाड्याचंच बघतोय, शाळा जवळ हवी. नवऱ्याला डिसेंबरअखेर रुजू व्हायचंय, मी आणि मुलगा नंतर गेलो तरी चालेल.

वॉसॅचवासी

केतकीताई, धागा काढलात ते बरं केलंत, इथे येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत बसावं लागतं. मी सँडीला राहतो, बरेच हिवाळे काढलेत.

आधी नकाशा डोळ्यांपुढे आणा. पूर्वेला वॉसॅचची भिंत, शिखरं 11,000 फुटांच्या वर. पश्चिमेला ओकर डोंगर. दक्षिणेला आडवी ट्रॅव्हर्स रांग, तिच्यात एक खिंड आहे, तिला पॉइंट ऑफ द माउंटन म्हणतात. तुमचे यजमान लीहायला जाणार ते तिथूनच. वायव्येला खारं सरोवर. तळ साधारण 4,200 फुटांवर. म्हणजे तीन बाजूंनी डोंगर, चौथीकडे पाणी आणि मध्ये दहा लाखांहून जास्त माणसं, त्यांच्या गाड्या, घरं तापवणाऱ्या भट्ट्या, उत्तरेला तेलशुद्धीकरण कारखाने.

हिवाळ्यात बर्फ पडून गेलं आणि वर उच्च दाबाचा पट्टा येऊन बसला की खोऱ्यावर झाकण पडतं. इथे सगळे त्याला इन्व्हर्जनच म्हणतात, केस कापणारासुद्धा. पहिल्या दिवशी काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी ओकर डोंगर फिकट होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी रस्त्यापलीकडचं चर्च धूसर दिसायला लागतं, घसा खवखवतो, आणि शाळेतून निरोप येतो की आज मधल्या सुट्टीत मुलं आतच राहतील.

अशा दिवशी गाडी काढून बिग कॉटनवूड कॅन्यनमध्ये (डोंगरातल्या खोल घळीत) वर जा. खाली गाडीच्या काट्यावर उणे 5. थोडी वळणं चढलात की उणे 2, मग शून्य, मग एकदम अधिक 4, आणि एका वळणानंतर लख्ख ऊन! मागे वळून बघाल तर ज्यातून आलो तो थर खाली सपाट पसरलेला, वरची कड सुरीने कापल्यासारखी. पहिल्यांदा बघणारा फोटो काढतो. दुसऱ्यांदा बघताना आपलं पोर त्या थराखाली शाळेत बसलंय, हे आठवतं.

तेव्हा तुमच्या "घर कुठे" या प्रश्नाला हिवाळ्यापुरतं माझं उत्तर: गावाचं नाव नंतर बघा, आधी त्या पत्त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची बघा.

हवामानवेडा

वॉसॅचवासींनी दिसतं ते छान सांगितलं. मी कारण सांगतो, कारण ते कळलं की सगळं कॅलेंडर आपोआप कळतं.

एरवी वर जावं तशी हवा गार होते, हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. खालची ऊबदार हवा हलकी, ती वर जाते, सोबत धूर घेऊन जाते. इन्व्हर्जनमध्ये हे उलटं होतं. लांब रात्री, निरभ्र आकाश, बर्फाच्छादित जमीन; त्यामुळे जमिनीलगतची हवा भराभर गार होते. डोंगरउतारावरची गार जड हवा घरंगळत तळात येऊन साठते. वरून उच्च दाबामुळे खाली बसणारी हवा दाबली जाऊन तापते. खाली गार, वर ऊबदार, आणि खालची वर चढू शकत नाही.

आता पुण्यातही हिवाळ्यात असं होतंच की! फरक पुढे आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून 48 अंश वर असतो. सॉल्ट लेकला जेमतेम 26. त्यात ताजं बर्फ आलेल्या उन्हातलं ऐंशी टक्के वगैरे परत पाठवून देतं. पुण्यात दहा-अकरापर्यंत जमीन तापते आणि झाकण उडतं. रोज रात्री नवं, रोज सकाळी संपलं. तिथे जमीन तापतच नाही. एकदा पडलेलं झाकण आठवडाभर, कधी त्याहून जास्त राहतं, आणि प्रत्येक दिवसाचा धूर आदल्या दिवसाच्या धुरात भर घालतो. ते उडवायला पॅसिफिककडून येणारं वादळच लागतं.

दुसरी गोष्ट. हा थर म्हणजे नुसता नळीतून निघालेला धूर नाही. तिथल्या हिवाळी पीएम 2.5 मधला, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांमधला, सर्वात मोठा घटक अमोनियम नायट्रेट. गाड्या आणि भट्ट्यांतून नायट्रोजन ऑक्साइड वायू येतात, त्यांचं हवेतच नायट्रिक आम्ल होतं, गोठ्यांतून-शेतांतून आलेल्या अमोनियाशी ते जुळतं आणि कण तयार होतात. थंडी आणि ओलावा त्याला पोषक. म्हणजे खोरं नुसतं साठवत नाही, शिजवतंही. 2017 च्या हिवाळ्यात विमानं उडवून, जमिनीवर यंत्रं मांडून याचा मोठा अभ्यास झाला होता.

लोगनकर

गोठ्यांचा विषय निघाला म्हणून आलो. मी वर लोगनला, कॅश व्हॅलीत. विद्यापीठाचं गाव, लोकवस्ती किरकोळ, मोठा कारखाना नाही. पण खोरं अरुंद आणि गाई भरपूर. जानेवारी 2004 मध्ये इथला पीएम 2.5 शंभर मायक्रोग्रॅमच्या वर गेला होता आणि हे एवढंसं गाव अमेरिकेत सर्वात वाईट हवेचं म्हणून गाजलं. दुधासाठी आणि चीजसाठी प्रसिद्ध असलेल्या खोऱ्याला हे कोण सांगणार! आमच्याकडे अमोनिया इतका असतो की तो कमी करून फारसा फरक पडत नाही, गाड्यांचाच धूर कमी करावा लागतो. 2014 पासून गाड्यांची धूर-तपासणी सक्तीची झाली तेव्हा गावात काय भांडणं!

"लहान गाव, हिरवी शेतं, म्हणजे स्वच्छ हवा" या समजावर घर घेऊ नका एवढंच.

खडूस_काका

एवढा ऊहापोह कशासाठी? पुण्याहून जाताय ना? वार्षिक सरासरी पुण्याच्या पाव असेल नसेल. आम्ही चुलीच्या धुरात वाढलो, बंबात गोवऱ्या घातल्या, अजून सिंहगड चढतोय. अमेरिकेतल्या लोकांना चार दिवस धुकं पडलं की बातम्या. आकडा 50 झाला की रेड अलर्ट, आपल्याकडे तो "समाधानकारक" असतो.

हवामानवेडा

काका, शेवटचं वाक्य जवळजवळ बरोबर आहे, आणि तेच नीट समजून घेण्यासारखं आहे. घनमीटर हवेमागे पीएम 2.5 चे 50 मायक्रोग्रॅम भारतीय निर्देशांकात "समाधानकारक" पट्ट्यात पडतात. अमेरिकी निर्देशांकात तेच 50 नारिंगी, म्हणजे दमेकरी, म्हातारे, लहान मुलं यांनी जपावं. लाल पट्टा 55 च्या पुढे. आपलं चोवीस तासांचं मानक 60, त्यांचं 35, जागतिक आरोग्य संघटनेचं 2021 पासून 15. फुफ्फुस तेच, पट्ट्या वेगळ्या. म्हणून केतकीताई, रंगावर जाऊ नका, दोन्हीकडे मायक्रोग्रॅममध्ये वाचायची सवय लावा.

सरासरीचं म्हणाल तर तुमच्या मुलाचा पंप सरासरीवर चालत नाही. वर्षभर 8 आणि मध्ये एक आठवडा 60, तरी सरासरी देखणीच राहते.

वॉसॅचवासी

काकांसाठी एक खरी गोष्ट. आमच्या खालच्या खोऱ्यात, युटा सरोवराच्या काठी जिनिव्हा नावाचा पोलाद कारखाना होता, दुसऱ्या महायुद्धात बांधलेला. ऑगस्ट 1986 मध्ये कामगारांचा तंटा होऊन तो बंद पडला आणि सप्टेंबर 1987 मध्ये पुन्हा सुरू झाला. म्हणजे मध्ये एक आख्खा हिवाळा कारखाना बंद. डोंगर तेच, इन्व्हर्जन तेच, माणसं तीच, फक्त धुराडं थंड.

प्रोव्होतल्या ब्रिघम यंग विद्यापीठातले आर्डन पोप, मूळचे अर्थशास्त्राचे, त्यांनी इस्पितळांची भरती-नोंद तपासली. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनाच्या आजारांनी भरती झालेली मुलं बंद हिवाळ्याच्या दोन ते तीन पट होती. 1989 मध्ये ते छापून आलं. त्यानंतर हवेच्या कणांवर जगभर जे काम झालं, नियम झाले, त्यात या एका संपाचा वाटा मोठा आहे. मुद्दाम करायचा म्हटला तरी कुणाला असा प्रयोग करता आला नसता.

कारखाना 2001 मध्ये कायमचा बंद झाला. आता तिथे व्हाइनयार्ड नावाचं नवंकोरं गाव आहे, लीहायपासून फार लांब नाही. तुम्हाला एजंट दाखवेलच.

खडूस_काका

बरं. संपाची गोष्ट माहीत नव्हती. पण चुलीच्या धुरात वाढलो हे खरंच आहे.

सिंहगड_रविवार

काका, चुलीच्या धुरात किती आज्या खोकत गेल्या ते कुणी मोजलं नाही, एवढंच.

अवांतर नाही म्हणून लिहितो. डिसेंबर-जानेवारीत सिंहगडावर सकाळी सातला पोचलात तर खडकवासल्याच्या पलीकडे, शहरावर, तपकिरी पट्टा स्पष्ट दिसतो. लोक त्याला धुकं म्हणून सेल्फी काढतात. शेकोट्या, कचरा जाळणं, बांधकामाची धूळ, रात्रभर चाललेले ट्रक, सगळं त्यात. हवामानवेडा म्हणतात तसं दहाच्या सुमारास तो विरायला लागतो. म्हणजे पुण्यात सर्वात वाईट हवा नेमकी आपल्या आरोग्यप्रेमी मंडळींच्या प्रभातफेरीच्या वेळी! आणि जूनमध्ये पश्चिमेचा वारा घाट ओलांडून आला, चार सरी पडल्या, की सगळं धुऊन निघतं. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं सफर नावाचं केंद्र पुण्यासाठी रोजचा हवा-अंदाज देतं, किती पुणेकर तो बघतात देव जाणे.

त्या लोकांना पावसाळा नाही हीच त्यांची अडचण दिसते. बरोबर का?

वॉसॅचवासी

अगदी. आपल्या डोक्यात "उन्हाळा-पावसाळा-हिवाळा" असतं आणि मधला ऋतू सगळं साफ करतो. इथे जुलै-ऑगस्ट कोरडे ठाक. आणि म्हणून इथल्या वाईट हवेचे दोन वेगळे हंगाम आहेत, एकाचं औषध दुसऱ्याला लागू नाही.

उन्हाळ्यात त्रास ओझोनचा. तेच गाड्यांचे वायू, पण आता थंडीऐवजी कडक ऊन त्यांच्यावर काम करतं. ओझोन दिसत नाही! आकाश निळं, डोंगर स्वच्छ, आणि दुपारी चार वाजता पोराची छाती भरून येते. आईबाप म्हणतात परागकण असतील. मर्यादा 70 पीपीबी, म्हणजे हवेच्या अब्ज भागांत 70 भाग, ती गरम दुपारी ओलांडली जाते. सकाळी मात्र कमी असतो. म्हणजे उन्हाळ्यात फुटबॉल सकाळी, हिवाळ्यातल्या इन्व्हर्जनमध्ये मात्र सकाळ-संध्याकाळने फारसं बिघडत नाही, सगळा दिवसच सारखा.

आणि उंचीचा मी दिलेला सल्ला इथे उपयोगी नाही. भर शहरात गाड्यांचा ताजा धूर रात्री थोडा ओझोन खाऊन टाकतो. डोंगरकडेच्या वस्त्यांत तो टिकून राहतो.

वर वणव्यांचा धूर. तो आमचा नाहीच, कॅलिफोर्निया, ओरेगन, आयडाहोतून येतो. 6 ऑगस्ट 2021 ला सकाळी कॅलिफोर्नियातल्या आगींचा धूर खोऱ्यात उतरला आणि त्या दिवशी सॉल्ट लेक सिटी जगातल्या मोठ्या शहरांत सर्वात वाईट हवेचं ठरलं. दुपारपर्यंत समोरची वॉसॅच गायब. त्यावर कुठला स्थानिक नियम चालणार?

फ्रेस्नोवाली

कॅलिफोर्नियातून हात जोडून माफी :) आमचं सान होकीन खोरं म्हणजे याचाच थोरला भाऊ. पूर्वेला सिएरा नेवाडा, पश्चिमेला किनारी डोंगर, दक्षिणेला तेहाचापी. फ्रेस्नो-बेकर्सफील्डकडे सरकत आलेली हवा तिथे तळाशी अडकते. हिवाळ्यात खोऱ्यात दाटून बसणारं टुले धुकं, उन्हाळ्यात ओझोन, शरदात बदामाच्या काढणीची धूळ. माझी मुलगी पण दमेकरी. दोन गोष्टी कामाच्या सांगते.

आख्खं घर तापवणारी एकच मधली भट्टी असेल तर तिच्यात मर्व्ह 13 दर्जाचा (बारीक कण अडवणारा) फिल्टर बसतो का ते घरमालकाला आधी विचारा. जुन्या भट्ट्यांना तो झेपत नाही, हवाच खेचली जात नाही. नाही झेपला तर मुलाच्या खोलीपुरतं हेपा यंत्र (हवा गाळणारं) घ्या आणि दार बंद ठेवा, आख्ख्या घराच्या मागे लागू नका. तेवढं नको असेल तर चौकोनी पंख्याला चार फिल्टर चिकटपट्टीने चिकटवून बनवलेलं खोकंही छान चालतं, आमच्याकडे आगीच्या मोसमात तेच असतं. पण हे कणांसाठी. ओझोन हेपामध्ये अडकत नाही, त्यासाठी दुपारी खिडक्या बंद एवढंच.

शाळेत पहिल्याच आठवड्यात नर्सला भेटा. डॉक्टरने सही केलेला दम्याचा आराखडा आणि जादाचा पंप शाळेत ठेवावा लागतो. पुण्यातल्या डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं, मात्रा टाइप करून आणा. इथला डॉक्टर पुन्हा लिहून देईल, पण तोवर इतिहास हातात हवा.

केतकी_क

सगळ्यांचे मनापासून आभार, हे कुठल्याच वेबसाइटवर एकत्र मिळालं नसतं. फ्रेस्नोवाली, मर्व्हचं लिहून ठेवलं. वॉसॅचवासी, उंची म्हणजे किती? एजंटने चार नावं दिलीत: साउथ जॉर्डनमधलं डेब्रेक, हेरिमन, ड्रेपर आणि सनक्रेस्ट. नवरा म्हणतो डेब्रेक, कारण गणपतीचं देऊळ जवळ आणि शाळा चालत. आणि धुळीचं काय ते अजून कुणी सांगितलं नाही.

वॉसॅचवासी

सनक्रेस्ट हे ट्रॅव्हर्स रांगेच्या माथ्यावर आहे, 6,000 फुटांच्या आसपास. बऱ्याच इन्व्हर्जनमध्ये ते चक्क झाकणाच्या वर असतं. खाली गोठलेलं राखाडी शहर, वर तुम्ही उन्हात अंगणात. पण एकच रस्ता दोन्ही बाजूंना उतरतो आणि बर्फात तो घसरगुंडी होतो. पुण्याहून आलेल्या माणसाने पहिल्याच हिवाळ्यात तिथे गाडी चालवावी असं मी म्हणणार नाही.

ड्रेपर म्हणजे एक गाव नाही, तळापासून डोंगराच्या कडेपर्यंत पसरलेलं आहे. पूर्वेकडच्या पायऱ्या बघा. इथे त्यांना "बेंच" म्हणतात. बॉनव्हिल नावाचं प्रचंड प्राचीन सरोवर इथे होतं, त्याच्या किनाऱ्यांच्या या पायऱ्या. रात्री कॅन्यनमधून खाली येणारं वारं कॅन्यनच्या तोंडाशी हवा थोडी हलती ठेवतं, त्याचाही फायदा मिळतो. पण साधं, किरकोळ इन्व्हर्जन असेल तरच बेंचवर सुटका. झाकण जाड झालं, आठवडा उलटला, की बेंचही बुडतो.

हेरिमन नैऋत्येला चढावर, 5,000 फुटांच्या आसपास, बरं आहे. डेब्रेक त्या मानाने खाली, पण अगदी तळात नाही. खरा तळ जॉर्डन नदीच्या काठाने आणि उत्तर-पश्चिमेला, रोज पार्ककडे. तिथे कारखाने, विमानतळ, महामार्ग सगळं एकत्र, आणि घरं स्वस्त. जास्त धूर कुणाच्या वाट्याला येतो ते सांगायला नकोच.

तुम्ही नोकरीच्या जागेचाही विचार करा. लीहाय खिंडीच्या पलीकडे आहे. तिकडेच, युटा काउंटीत घर घेतलंत तर रोजचा खिंडीतला ट्रॅफिक वाचेल. ते खोरंही असंच कोंडतं, फार वेगळं नाही.

हवामानवेडा

उंचीचा एक गमतीदार पुरावा तुमच्या समोरच असेल. खोऱ्याच्या वायव्येला, मॅग्नाजवळ, तांब्याच्या भट्टीचं धुराडं आहे, 1,215 फूट, म्हणजे 370 मीटर. 1970 च्या दशकात इतकं उंच बांधलं ते हौसेने नाही. जमिनीलगतच्या थराच्या वर धूर सोडायचा हाच हिशेब. जुन्या काळी खोऱ्यातल्या कारखान्यांचे असे हिशेब चुकले तेव्हा काय झालं ते माहीत आहे: बेल्जियममध्ये म्यूज नदीच्या खोऱ्यात डिसेंबर 1930 मध्ये काही दिवसांत साठावर माणसं गेली, पेनसिल्व्हेनियातल्या डोनोराला ऑक्टोबर 1948 मध्ये वीस. दोन्ही ठिकाणी कारखाने रोजचेच होते, झाकण तेवढं त्या आठवड्याचं.

अजून एक विचित्र प्रकार युटातलाच. पूर्वेकडच्या युंटा खोऱ्यात तेल-वायूच्या विहिरी आहेत. तिथे ओझोन उन्हाळ्यात नाही, भर हिवाळ्यात वाढतो! बर्फावरून परावर्तित ऊन, त्यावर इन्व्हर्जन, आणि विहिरींतून सुटलेले वायू. पुस्तकात "ओझोन म्हणजे उन्हाळा" असं लिहिलेलं, त्या खोऱ्याने खोटं ठरवलं.

लोगनकर

धुळीचं मी सांगतो, सरोवरावर माझा भाऊ अर्धा रविवार कॅमेरा घेऊन बसतो. ग्रेट सॉल्ट लेकला पाणी आणणाऱ्या नद्यांचं पाणी शेतीला आणि गावांना वळवलं, त्यात दुष्काळ. नोव्हेंबर 2022 मध्ये सरोवर आजवरच्या नोंदीतल्या नीचांकाला गेलं. तळाची दोन हजारांहून जास्त चौरस किलोमीटर जमीन उघडी पडली. त्या मातीत आर्सेनिकसारखे जड पदार्थ आहेत. बहुतेक जागी वर कडक मिठाची खपली आहे, ती फुटली नाही तोवर ठीक. लोक त्यावरून गाड्या घालतात तेव्हा फुटते.

धुळीचा हंगाम मुख्यतः वसंत. शीत आघाडी (थंड हवेची लाट) येण्याआधी जोराचा दक्षिण-नैऋत्य वारा सुटतो, पश्चिमेच्या वाळवंटातली आणि सरोवरकाठची माती उडते, मग पाऊस पडतो आणि गाडीवर चिखलाचे ठिपके. तासा-दोन तासांचा खेळ असतो, इन्व्हर्जनसारखा आठवडाभराचा नाही. 2023 च्या मोठ्या बर्फानंतर पाणी काहीसं वर आलं, पण प्रश्न तसाच आहे.

मुक्त_पाखरू

लाकडाच्या शेकोटीबद्दल कुणी लिहिलं नाही. एजंट "सुंदर फायरप्लेस" म्हणून घर दाखवतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर हवा बिघडण्याची चिन्हं दिसली की राज्याचं हवा खातं लाकूड जाळायला बंदी जाहीर करतं, मोडली तर दंड. बंदी लाल झाल्यावर लागत नाही, त्याच्या आधीच लागते, आणि तेच शहाणपणाचं आहे. गॅसच्या शेगडीला बंदी नाही. भाड्याचं घर घेताना शेजाऱ्याच्या धुराड्याकडेही बघा. आमच्या आधीच्या घरी शेजारी बंदीच्या दिवशीही लाकूड जाळायचा, तक्रार करायची तर रोज तोंड बघायचं होतं.

हवा रोज कुठे बघायची: सरकारी केंद्रं मोजकी, पण विश्वासू. पर्पलएअरचे छोटे सेन्सर गल्लोगल्ली आहेत. ती कंपनी मुळात ड्रेपरचीच, खिंडीजवळच्या खडीच्या खाणींची धूळ मोजायला कुणीतरी सुरू केलेली. ते सेन्सर आकडा थोडा चढा दाखवतात, नकाशावर दुरुस्तीचा पर्याय निवडायचा. विद्यापीठाने तर ट्रॅक्स या लोकल गाड्यांच्या टपावर यंत्रं लावलीत. गाडी तळातून बेंचवर चढते तसा आकडा कसा उतरतो ते दिसतं. केतकीताई, घर ठरवायच्या आधी एखाद्या इन्व्हर्जनच्या दिवसाचा तो नकाशा बघा, एजंटच्या चार वाक्यांपेक्षा जास्त कळेल.

हवामानवेडा

याला जोड: युटाच्या हवामान कार्यालयाचा "क्लिअरिंग इंडेक्स" असतो. हवा किती उंचीपर्यंत मिसळतेय आणि वारा किती, या दोन्हींवरून काढलेला आकडा. 500 च्या खाली म्हणजे खोरं कोंडलेलं, 1000 च्या वर म्हणजे मोकळं. उघड्यावर काही जाळायचं तर शेतकऱ्याला तो बघावा लागतो. आई म्हणून तुम्हाला तो एक्यूआयपेक्षा (रंगांच्या पट्ट्यांच्या त्या निर्देशांकापेक्षा) जास्त कामाचा, कारण एक्यूआय आत्ताचं सांगतो आणि हा उद्या-परवा साठणार का ते सुचवतो. सलग दोन-तीन दिवस आकडा लहान आणि जमिनीवर बर्फ असेल तर शनिवारी डोंगरावर जायची तयारी ठेवा.

केतकी_क

वाचून नवऱ्याचं आणि माझं थोडं वाजलं :) तो डेब्रेकवर अडून आहे, मी ड्रेपरच्या बेंचवर. मधला मार्ग म्हणून हेरिमन बघतोय. आणि ठरलं असं की तो डिसेंबरला जाईल, आम्ही दोघं इथली वार्षिक परीक्षा आटपून जाऊ. मार्चमध्ये गेलो तर हिवाळा संपलेला असेल ना? की धूळ?

वॉसॅचवासी

मार्चमध्ये बर्फ पडतंच, पण सूर्य वर आलेला असतो, झाकण टिकत नाही. धुळीचे एक-दोन दिवस येतील, त्या दिवशी खिडक्या लावा. एप्रिल-मे इथले सर्वात चांगले महिने. मुलाला शाळा, डॉक्टर, नवी जागा यांची सवय व्हायला जूनपर्यंत वेळ मिळेल आणि मग ओझोन सुरू होईल तेव्हा तुम्ही तयार असाल.

यजमान मात्र थेट इन्व्हर्जनमध्ये उतरणार. त्यांना सांगा, विमान उतरताना खिडकीपाशी बसा आणि हेरिमन कुठे, डेब्रेक कुठे, थराची कड कुठे येते ते बघून ठेवा. वाद तिथेच मिटेल.

खडूस_काका

आणि मिटला नाही तर धागा वर काढा. तोवर मी पुण्याच्या पहाटे सहाच्या ग्रुपला दहाची वेळ सुचवून बघतो, बघू किती शिव्या पडतात.